नको म्हणेपर्यंत

गयाबाई साळवे यांची निविदा उघडली की आमच्या संस्थेच्या कार्यालयात आधी हसू फुटायचं आणि मग ती बाद व्हायची. हे मी लागोपाठ दोन वर्षं पाहिलं. पाहणं भागच होतं, कारण निविदा बाईंची असली तरी अक्षर माझं असायचं. मी त्या शाळेत चित्रकला शिकवायचो. चित्रकलेच्या मास्तराचं अक्षर सुंदर असतं असा खेड्यापाड्यात ठाम समज आहे. त्यामुळे लग्नाच्या बोर्डापासून पाणीपट्टीच्या नोटिशीपर्यंत गावातलं सगळं लिखाण त्याच्या गळ्यात पडतं. गयाबाईही तशाच माझ्या गळ्यात पडल्या.

शाळा नेवासा तालुक्यातली, प्रवरेपासून जराशी आत. काळ नव्वदच्या दशकातला. शाळेला लागून मुलांचं वसतिगृह होतं आणि त्यात बहुतेक पोरं पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू भागातली, आईबाप निम्मं वर्ष ऊसतोडीला जाणारे. या पोरांना दोन्ही वेळ जेवू घालायचा ठेका दर उन्हाळ्यात निघायचा. इच्छुकांनी बंद लखोट्यात दर लिहून द्यायचा, जूनमध्ये समितीपुढे लखोटे फोडायचे आणि सगळ्यात कमी दर असेल त्याला ठेका द्यायचा. सोबत संस्थेचं छापील पत्रक असे. एका मुलाला एका वेळी भाकरी किती, भाजी किती, वरणाची वाटी केवढी, सगळं त्यात मापून दिलेलं. तळाशी ठळक अक्षरात एक ओळ होती: 'सशर्त निविदा विचारात घेतली जाणार नाही.'

गयाबाई दर लिहून झाला की म्हणायच्या, "आता खाली लिव्हा मास्तर. पोरगं नको म्हनंपर्यंत वाढीन."

"बाई, ही अट झाली. अट घातली की निविदा बाद."

"अट म्या दुसऱ्या कुनाला घातली का? माझी मलाच घातली की."

आता याला काय म्हणायचं? ठेकेदार अटी घालतात त्या स्वतःच्या सोयीच्या. तेल महागलं तर दर वाढवून मिळावा, लाकूडफाटा संस्थेनं पुरवावा, असल्या. स्वतःच्याच गळ्यात दोरी अडकवणारी अट घालणारा ठेकेदार समितीनं कधी पाहिला नव्हता. पण नियम तो नियम. कारकून ती ओळ मोठ्यांदा वाचायचा, मंडळी हसायची आणि लखोटा बाजूला पडायचा. बाई पदर खोचून बाहेर यायच्या आणि मलाच धीर द्यायच्या, "जाऊ द्या मास्तर, पुढच्या साली."

बाईंची एस.टी. स्टँडसमोर खानावळ होती. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. राहात्याकडचं माहेर. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं त्यांनी शिर्डीत एका हॉटेलच्या भटारखान्यात काढली होती, त्यामुळे शंभर माणसांचा स्वयंपाक त्यांना चहा ठेवण्याइतका सोपा वाटे. शिर्डीचा विषय निघाला की मात्र त्या चिडायच्या. "लोक अर्धं ताट टाकून उठायची वो. पोट भरलंय म्हनून न्हाई, पैसं दिल्यात म्हनून!"

त्यांना हळू बोलता येत नसे. कानात सांगितलेली गोष्ट चौकात ऐकू जायची. मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ बांधायच्या आणि ते बंद पडलेलं असायचं. वेळ विचारली तर चुलीकडे बघून सांगायच्या. मोठ्या पातेल्यांना त्यांनी नावं दिली होती, थोरली, मधली आणि धाकटी, आणि त्यांच्याशी त्या भांडायच्याही. "थोरली आज रुसलीया, डाळ शिजंना." बढाईखोर तर इतक्या की विचारू नका. आपल्यासारखं पिठलं सबंध जिल्ह्यात कुणाला जमत नाही, असं त्या तोंडावर सांगायच्या. पिठलं खरोखर चांगलं असे. पुरणपोळी मात्र त्यांना जन्मात जमली नाही. चामड्यासारखी व्हायची, आणि दोष नेहमी गव्हाचा असायचा.

त्यांचे यजमान किसनराव अगदी मुके म्हणावेत इतके शांत. बाई बोलत असताना ते कांदे चिरत, आणि बाई सतत बोलत असल्यामुळे कांदे कधी कमी पडत नसत.

बाईंच्या निविदेत आणखी एक खोट होती आणि ती कुणी कागदावर लिहीत नव्हतं. गयाबाई बौद्ध होत्या. समितीतले एक सभासद लखोटा बाजूला ठेवताना "पालक काय म्हणतील, तेही बघावं लागतं" असं पुटपुटायचे आणि बाकीचे छताकडे बघायचे. अटीचं निमित्त सगळ्यांनाच सोयीचं होतं. बाईंना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. एकदा मला म्हणाल्या, "स्टँडवर समद्या गावची मानसं माझ्याकडं जेवत्यात मास्तर. उन्हात भूक लागली की कुनी इचारत न्हाई. सावलीत बसलं की इचारत्यात."

तिसऱ्या वर्षी मी हट्टाला पेटलो. म्हटलं, यंदा ती ओळ मी लिहिणार नाही. आधी ठेका घ्या, मग वाढा ना किती वाढायचं ते, कोण येतंय मोजायला? बाईंनी लखोटा चिकटवला. मला वाटलं, पटलं.

जूनमध्ये लखोटे फुटले. दोनच आले होते. जुन्या ठेकेदारानं दर चांगलाच चढवला होता. आदल्या वर्षी त्याच्या पातळ वरणाला कंटाळून काही पोरं वसतिगृह सोडून गावी पळाली होती, त्यामुळे त्याच्यावर अध्यक्ष आधीच खार खाऊन होते. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. उसाचे मोठे बागाइतदार, बोलायला तिखट, पण शाळेवर जीव. त्यांनी गयाबाईंचा कागद उलटापालटा करून पाहिला.

"यंदा अट नाही? मग प्रश्नच मिटला. दर कमी, अट नाही. लिहा..."

तेवढ्यात बाई उठल्या. मी डोळे मिटून घेतले.

"अण्णा, कागदावर न्हाई. मास्तरांनी लिवू दिलं न्हाई. पन म्या तोंडानं सांगते, पोरगं नको म्हनंपर्यंत वाढनार. मागून म्हनू नका, बाईनं फसवलं."

"अहो बाई, ठेका मिळत होता ना तुम्हाला?"

"मिळतोय म्हनूनच सांगितलं. न्हाई मिळाला तर वाढनार कुनाला?"

कुणी हसलं नाही. अण्णांनी चष्मा काढला. "आणि पोरांनी गाडाभर खाल्लं तर? तुमचं दिवाळं निघेल."

"खातील की! आठ दिस खातील. उद्याचा भरवसा नसला की पोरगं आजच दोन दिसांचं जेवतं. उद्याबी मिळतंय असं ध्यानात आलं की आपसूक मापात येतं."

ते पुटपुटणारे सभासद पुन्हा खाकरले. "पण पालक..."

"पालकांचं मी बघतो," अण्णा म्हणाले. "पहिल्या दिवशी पंगतीला मी बसणार. तुम्हीही या." मग बाईंकडे वळून म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. निभावलंत तर पुढे वर्षभर तुम्हीच. नाही निभावलं तर पातेली उतरवायची आणि मी जुन्या माणसाला बोलावणार."

बाईंनी खानावळीची जागा सोडली. ती दुसऱ्याच दिवशी एका चहावाल्यानं धरली. म्हणजे मागे फिरायला वाट उरली नव्हती. थोरली, मधली आणि धाकटी हातगाड्यावर बसून वसतिगृहात आल्या.

पहिल्या पंगतीला अण्णा पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले. ते पुटपुटणारे सभासदही आले, जरा अंग चोरून. पिठलं त्यांनी दोनदा मागून घेतलं. पालक काय म्हणतील हा विषय त्यानंतर त्यांच्या तोंडून निघाला नाही.

पण पोरं! जेवणाची घंटा झाली की ती अशी धावत सुटायची की दारात चेंगराचेंगरी व्हायची. भाकरी वाढली की संपे, वाढली की संपे. आपल्याकडे पोट भरलं की लहान मूलही ताटावर हात आडवा धरतं, "नको, बास." त्या रांगेत एकही हात आडवा येत नव्हता. चुलीपुढे बाई आणि त्यांच्या मदतीच्या बाया भाकरी थापून थापून घामाघूम व्हायच्या. आठ दिवस गेले, पंधरा गेले. पोरांचं खाणं काही मापात येईना.

आणि मग रेक्टर कुटे सरांना वास आला. कुटे सर शिस्तीचे. वसतिगृहाच्या साऱ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. त्यांनी पोरांच्या पत्र्याच्या पेट्या उघडायला लावल्या, तर सदऱ्यांच्या घड्यांत, पुस्तकांखाली, जिथे तिथे भाकरी. वाळून कडक झालेल्या, काही बुरसलेल्या. सरांनी त्यांचा ढीग व्हरांड्यात लावला, पोरांना उन्हात उभं केलं आणि अण्णांना बोलावणं धाडलं.

गयाबाई हातात उलथनं घेऊनच आल्या. "सर, पोरांना सावलीत घ्या. भाकर माझी हाय. चोरी झाली आसंल तर माझी झाली, आन माझी तक्रार न्हाई."

"अहो, पण ही नासाडी!"

"नासाडी हायच. ती पेटीत जाती म्हनून व्हती. तुमी सैपाकघराला कुलूप लावता ना रोज? ते काढा."

कुटे सरांचा चेहरा असा झाला की जणू बाईंनी वसतिगृहाच्या भिंती काढायला सांगितल्या. एवढ्यात अण्णा आले. त्यांनी त्या ढिगातली एक भाकरी उचलून पाहिली. मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "मीही बोर्डिंगात शिकलो. पेटी उशाला घेऊन झोपायचो. पुस्तकांसाठी नव्हे." आणि सरांकडे हात पुढे केला. सरांनी जुडग्यातली स्वयंपाकघराची किल्ली सोडवून दिली. पोरं सावलीत आली.

त्या दिवसापासून उरलेल्या भाकरी एका टोपलीत, वर स्वच्छ फडकं टाकून, स्वयंपाकघराच्या उघड्या उंबऱ्याशी रात्रभर राहू लागल्या. ज्याला लागेल त्यानं घ्यायची, विचारायचं नाही. आणि प्रत्येक जेवण संपताना बाई दारात उभं राहून त्यांच्या त्या स्टँडवरच्या आवाजात पुकारा करायच्या, "उद्या सकाळी मटकीची उसळ! सांच्याला पिठलं!" आणि जे पुकारलं ते दुसऱ्या दिवशी ताटात आलंच पाहिजे यासाठी जीव टाकायच्या. एकदा बाजारात मटकी मिळाली नाही तर किसनरावांना सायकलवर थेट नेवाशाला पिटाळलं. ते परत आले ते घामानं निथळत, आणि तेव्हाही काही बोलले नाहीत.

सकाळी टोपली रिकामी असायची. रोज. गणपती बसले, उठले, टोपली रिकामीच. संस्थेकडून मिळणाऱ्या महिन्याच्या रकमेत भरलेलं धान्य महिना भरायच्या आधीच संपू लागलं. एक दिवस बाई माझ्या चित्रकलेच्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत पोरं फळांची टोपली काढत होती.

"मास्तर, माझं आठ दिसांचं गनित चुकलं वो," त्या म्हणाल्या, तेही हळू आवाजात. मला भीतीच वाटली. त्या बाईला हळू बोलता येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

मी म्हटलं, "मग दिवाळीपर्यंत मापानं वाढा. अण्णा समजून घेतील."

"अण्णा घेतील. पोरं न्हाई घ्यायची. एकदा का हात आखडला की पोरं म्हनतील, बघा, आमाला वाटलंच हुतं. मग जल्मात भरवसा ठेवायची न्हाईत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि वर्गातल्या चित्रांकडे नजर टाकली. "केळी बरी काढल्यात. पन पिकल्यात जास्त." आणि गेल्या.

दोन दिवसांनी राहात्याहून एक टेम्पो आला. त्यात बाईंच्या भावानं बाजरीची पोती पाठवली होती. उतरवून घेताना बाईंचा आवाज पुन्हा चौकात पोचत होता. "बाया म्हायेराहून साडी आनत्यात, म्या बाजरी आनली! साडी काय खाता येती का?"

नवरात्राच्या सुमारास एक सकाळ अशी आली की टोपलीत भाकरी उरल्या होत्या. बाईंनी मला हात धरून दाखवायला नेलं, जणू आत बाळ झोपलंय. पुढच्या सकाळी पुन्हा रिकामी. मग पुन्हा थोड्या उरलेल्या. पंगतीतही एखादा हात ताटावर आडवा येऊ लागला. पहिला हात कुणाचा ते आता आठवत नाही, पण बाई त्या पोरावर खेकसल्या होत्या एवढं आठवतं. "काय रं, आवडलं न्हाई व्हय?" आणि मग आत जाऊन उगाचच थोरलीशी भांडत बसल्या.

एकच पोरगं कधी नको म्हणत नसे. संतोष त्याचं नाव. पाथर्डीकडचा, हडकुळा, डोळे सतत दाराकडे. जेवून झालं तरी भाकरी घ्यायचा आणि चड्डीच्या खिशात घालायचा. खिसा कायम तेलकट. बाई त्याला दोनदा जास्तच वाढायच्या आणि खिशाकडे बघायच्याही नाहीत.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी अण्णा ठरल्याप्रमाणे पंगतीला आले. धान्य कसंबसं पुरलं होतं, पण पुढं पुरेल की नाही हे पोरांच्या पोटावर होतं. त्यामुळे कुटे सर भिंतीशी उभे राहून रांग न्याहाळत होते. मी अण्णांच्या शेजारी बसलो होतो. बाई टोपली घेऊन फिरू लागल्या. एक हात आडवा आला, मग दुसरा. कुणी भाकरी घेतली, कुणी अर्धीच मागितली. बाई संतोषपाशी पोचल्या. टोपलीतली भाकरी त्यांनी उचललीच होती. संतोषनं मान वर केली.

"मावशी, उद्या काय हाय?"

"उद्या? उद्या वांग्याची भाजी हाय की."

पोरानं क्षणभर विचार केला. "मग आज नको," तो म्हणाला आणि त्यानं ताटावर हात आडवा धरला.

बाई भाकरी हातात तशीच धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही. माझंही काही वेगळं नव्हतं, उगाच कशाला लपवू? अण्णांनी आपलं ताट पुढे केलं. "गयाबाई, ती भाकरी इकडे आणा. माझं अजून पोट भरलेलं नाही." आणि कुटे सरांना म्हणाले, "कागद तयार करा. वर्षभराचा."

पुढच्या उन्हाळ्यात संस्थेचं पत्रक नव्यानं निघालं, तेव्हा भाकरीचं माप काढून त्या जागी 'मूल नको म्हणेपर्यंत' हे शब्द आले. जो कुणी निविदा भरेल त्याला ते बंधनकारक. सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल अर्थातच मी कापली. गयाबाईंना मी ते वाचून दाखवलं तर खूश व्हायचं सोडून त्या फणकारल्या, "म्हंजी आता समदेच लिवनार! मग माझं येगळं काय ऱ्हायलं?" दर वर्षी लखोटे फुटत राहिले. बहुतेक वेळा ठेका त्यांनाच मिळायचा. एका वर्षी दुसऱ्याला गेला, तर त्या वर्षभर स्टँडवर भजी तळत बसल्या. अधूनमधून वसतिगृहात येऊन पंगतीच्या टोकाला उभ्या राहायच्या आणि नव्या ठेकेदाराला म्हणायच्या, "त्या कडंच्या पोराला इचारलं न्हाई तुमी."

दशक सरता सरता माझी संस्थेच्या दुसऱ्या शाखेत बदली झाली. मी निघालो त्या दिवशी बाई आणि वसतिगृहातली पाचसात पोरं स्टँडवर आली होती. बाईंनी खिडकीतून फडक्यात बांधलेलं गाठोडं आत सारलं. मी नको नको म्हणत हात आडवा धरला, तर त्यांनी तो सरळ बाजूला केला. "तुमचं नको खरं नसतं मास्तर. पोरांचं खरं असतं."

गाडी सुटायच्या आतच वसतिगृहाकडून जेवणाची घंटा ऐकू आली. बाईंनी मनगटावरच्या बंद घड्याळाकडे पाहिलं, पदर खोचला आणि पोरांवर ओरडल्या, "चला रं! आज पिठलं हाय, आन उद्या..." पुढचं एस.टी.च्या घरघरीत बुडालं. उद्या काय, ते मला ऐकू आलं नाही. पोरांनी मात्र ऐकलं असणार. कारण घंटा झाली तरी त्यांतलं एकही धावत सुटलं नाही. वाटेत एका दगडाला आळीपाळीनं लाथ मारत, रमतगमत, ती बाईंच्या मागून चालत गेली.